120 ने गुणण्याआधी

साखळीहून (गोवा), 9 डिसेंबर 2025

नमस्कार मंडळी,

माझा चुलतभाऊ चवथीला इंग्लंडहून आला होता. गणपतीवरची माटोळी बांधता बांधता त्याने हिशेब मांडला: तासाला 12.21 पौंड, आठ तास, पौंडाला 120 रुपये, म्हणजे दिवसाला साडेअकरा हजारांच्या वर. मी वेर्ण्याला औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री, ग्रॉस 31 हजार. त्या दिवसापासून बाबा पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांचे पोर्तुगीज काळातले कागद शोधत बसले आहेत आणि जेवताना विषय तोच. आपल्या ई-मेल यादीवर दोन्हीकडच्या नोकऱ्या पाहिलेले लोक आहेत म्हणून विचारतो, खरा फरक किती पडतो?

स्विंडनहून (इंग्लंड), 10 डिसेंबर

अरे, भावाने खोटं काही सांगितलं नाही, फक्त सोयीचं तेवढंच सांगितलं. 12.21 हा इथला 21 वर्षांवरच्यांसाठीचा किमान दर. एप्रिल 2025 पासून आहे, येत्या एप्रिलात 12.71 होणार. म्हणजे त्याने तुला इथला सगळ्यात खालचा पगार सांगितला आणि तू शिकून, अनुभव घेऊन मिळवलेला तुझा पगार त्याच्या शेजारी ठेवलास. तरी तो दसपट दिसतो, आणि झोप उडते ती त्यामुळेच.

आता हातात काय येतं ते बघ. आठवड्याला 40 तास धरले तर वर्षाचे साधारण 25,400 पौंड. पहिल्या 12,570 वर आयकर नाही, पुढच्यावर 20 टक्के. त्याच पुढच्या रकमेवर नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याची वर्गणी) 8 टक्के, पेन्शनचे वेगळे. महिन्याला 1,740 च्या आसपास उरतात. माझ्या खोलीचे 600 जातात, घर चौघांत, स्वयंपाकघर सामायिक. खाणं, बस, फोन, कधीतरी बांगडा मिळाला तर तो (इथल्या किमतीत बांगडा खाताना घास अडकतो) हे सगळं वजा करून सातशे-साडेसातशे पौंड शिल्लक. रुपयांत ऐंशी-नव्वद हजार झाले. एकट्या माणसाला उरतात, हे मी मान्य करतो. "तिकडे काही नाही रे" म्हणत स्वतः तिथेच राहणाऱ्यांतला मी नाही. पण बायको-मूल आणलंस की खोली चालत नाही. दोन बेडरूमचं घर आणि काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) भरल्यावर एका पगारात महिना ओढावा लागतो. मग दोघं कामावर, एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. नवराबायको दारात किल्ली देण्यापुरती भेटतात अशी घरं इथे आपल्या लोकांत कितीतरी आहेत.

कामाचं सांगतो. वेअरहाउसला मी एजन्सीतर्फे लागलो. पहिले बारा आठवडे एजन्सीच्या माणसाला कायम कामगाराइतका पगार देण्याचं बंधन नसतं, तेराव्यापासून असतं. नाताळाआधी माणसं कमी पडतात, जानेवारीत रात्री मेसेज येतो की उद्या शिफ्ट नाही. हातातला स्कॅनर तुझा वेग मोजत असतो. सहा तासांहून जास्त काम असेल तर वीस मिनिटांची सुट्टी कायद्याने मिळते, पण तिचे पैसे द्यायलाच हवेत असं नाही. आजारी पडलास तर पहिले तीन दिवस कोरडे, मग आठवड्याला 118.75 पौंड. त्यात माझ्या खोलीचं भाडंही निघत नाही. डॉक्टरचं बिल मात्र येत नाही, हे खरं.

बाबांना एक स्पष्ट सांग. पोर्तुगीज पासपोर्ट हातात घेऊन थेट इथे येऊन कामाला लागायचं दार 31 डिसेंबर 2020 ला बंद झालं. भाऊ त्याआधी आला. आता व्हिसा लागतो, आणि स्किल्ड वर्करसाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलैपासून 41,700 पौंड आहे. वेअरहाउसच्या कामावर तो व्हिसा मिळत नाही. त्या पासपोर्टवर युरोपीय संघातले देश उघडे आहेत, पण लिस्बनला किमान पगार महिन्याला 870 युरो, वर्षातून चौदा वेळा. तिथला हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल.

फोंड्याहून, 11 डिसेंबर

दोघांनाही नमस्कार. मी बरीच वर्षं कारखान्यांची पगारपत्रकं करते, त्यामुळे इकडची बाजू मांडते.

स्विंडनच्या दादांनी भाडं धरलं, साखळीच्या मुलाने धरलंच नाही. आजोबांचं घर, परसातले माड, कंपनीची बस, कँटीनचं जेवण हे सगळं तुझ्या पगारातच आहे, स्लिपवर छापलेलं नसलं तरी. तुझ्याच टेबलाशेजारी ओडिशाचा मुलगा असेल, तेवढ्याच पगाराचा. तो वास्कोला खोली भाड्याने घेऊन राहतो आणि घरी पैसे पाठवतो. गोवा आणि इंग्लंड ताडायचं तर स्विंडनच्या दादांशी त्याला ताडा, तुला नाही. उद्या तूच लग्न करून पर्वरीला फ्लॅट घ्यायचा म्हणालास तर अर्धाअधिक पगार भाड्यात जाईल. दिल्ली-मुंबईच्या लोकांनी तिथली घरं कुठल्या कुठे नेऊन ठेवली आहेत.

दुसरं ओव्हरटाइमचं. आपल्याकडे जादा कामाला दुप्पट दर आहे. फॅक्टरीज अॅक्ट 1948 पासूनच होता, आणि 21 नोव्हेंबरला ज्या चार कामगार संहिता लागू झाल्या त्यांतही आहे. ब्रिटनमध्ये असा कायदाच नाही. तिथे सरासरी किमान दराखाली जाऊ नये एवढंच पाहतात. बरोबर ना, दादा?

आजारपणाचंही तसंच. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) असलेल्या कामगाराला आजारात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. पण मर्यादा महिन्याला 21 हजार पगाराची, त्यामुळे पगार वाढला आणि हा मुलगा त्यातून बाहेर पडला. पीएफचंही बघ. बहुतेक कंपन्या 15 हजारांवरच 12 टक्के, म्हणजे 1,800 भरतात, तुझ्या 31 हजारांवर नाही.

म्हणजे कागदावर आपण तितके दुबळे नाही. मला राग येतो तो पुढच्या भागाचा. कंत्राटदाराकडची मुलं बारा तास उभी असतात आणि हजेरीपत्रकावर आठ लिहिलेले असतात. जादा तास एकेरी दराने "इन्सेंटिव्ह" म्हणून वेगळ्या पाकिटात. मी स्वतः अशी पत्रकं पाहून परत पाठवली आहेत, आणि एका ठिकाणचं काम त्यापायी सोडलं आहे.

स्विंडनहून, 11 डिसेंबर, रात्री

ताई, बरोबर. मला रविवारीही तोच दर मिळतो. पण कार्ड स्वाइप केल्याचं मिनिट स्लिपवर येतं, आणि पैसे दर शुक्रवारी. किमान दराहून कमी दिले तर थकबाकी तर द्यावीच लागते, वर दोनशे टक्क्यांपर्यंत दंड. सरकार अशा मालकांची नावंही जाहीर करतं. इथला मालक काही जास्त दयाळू नसतो, त्याला पकडले जाण्याची भीती असते. मला विचाराल तर पौंडापेक्षा ह्याच गोष्टीने मला इथे धरून ठेवलंय. गोव्यात हॉटेलात होतो तेव्हा सीझनला किती तास केले ते मलाच माहीत नसायचं, मालकाला तर नाहीच.

परत यायचा विचार असणाऱ्यांनी पेन्शनही लक्षात घ्यावं. सरकारी पेन्शनला किमान दहा वर्षांची वर्गणी लागते, पूर्ण मिळायला पस्तीस. पूर्ण म्हणजे सध्या आठवड्याला 230.25 पौंड. ते घेऊन भारतात राहिलात तर सुरू झाली त्या रकमेवरच गोठतं, दरवर्षीची वाढ मिळत नाही. आणि पोर्तुगीज झालात की भारतीय नागरिकत्व जातं. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढून बागायत विकत घेता येत नाही, वारशाने आलेली असेल ती गोष्ट वेगळी.

साखळीहून, 12 डिसेंबर

बाबांना 2020 चं सांगितलं. कागद पेटीत परत गेले, पण पेटी माळ्यावर गेलेली नाही.

ताई, तुमचं वाचून रात्री माझ्या स्लिपा काढल्या. ऑडिटच्या महिन्यात मी रोज दहा-अकरा तास थांबलो होतो. स्लिपवर ओव्हरटाइमचा रकानाच नाही. एचआर म्हणतं, तुम्ही "क्यूसी ऑफिसर", तुम्हाला लागू नाही. माझ्या हाताखाली कोणी नाही. सॅम्पल मीच आणतो, टेस्ट मीच करतो, काचेची भांडी बऱ्याचदा मीच धुतो.

फोंड्याहून, 12 डिसेंबर

ही फार जुनी युक्ती आहे. नावात ऑफिसर घालायचं आणि माणसाला कामगारांतून बाहेर काढायचं. वाद झालाच तर पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम काय करतोस ते पाहिलं जातं. नेमणूकपत्र, वर्षभराच्या स्लिपा आणि बसच्या वेळा जपून ठेव. ऑडिटच्या महिन्यात शेवटच्या बसने गेलास की स्वतःच्या गाडीने, तेही तारखांसकट लिहून काढ. रविवारी सकाळी ये, आपण बसून तास जुळवू. आणि इथे यादीवर कंपनीचं नाव लिहू नकोस. पाचशे लोक वाचतात, त्यांत तुझे साहेबही असतील.