मदत हवी आहे: गोड-ताजा परफ्युम जळगावच्या उन्हात टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी. भावाच्या लग्नासाठी ओ द पार्फ्यूम (म्हणजे जरा दाट प्रकारचा परफ्युम) घेतला. दुकानात कागदाच्या पट्टीवर लिंबू-संत्र्याचा इतका छान वास आला की लगेच पैसे काढले. तिथेच फसले.

घरी मनगटावर मारला. पहिली दहा मिनिटं नुकतं संत्रं सोलल्यासारखं, नाकात बारीक झिणझिण. मग हळूच मोगरा वर आला, हा भाग मला सगळ्यात आवडला. आणि अर्ध्या तासात नुसतं व्हॅनिला! वहिनी म्हणाली, "काय गं, बासुंदी सांडली का अंगावर?"

लिंबूवर्गीय वास हलके, पटकन उडतात; व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) जड, ते तासन् तास चिकटून बसतं, एवढं कळतं. पण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४च्या पुढे जातो, तिथे मोगऱ्याला थारा कुठला? रात्री कूलरसमोर बसून लावला तेव्हा हाच मोगरा दीड तास राहिला होता. (हो, घड्याळ लावून बसले होते.)

लग्न अमळनेरला, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. मनगटाऐवजी केसांच्या टोकांना लावू का? आधी वाळ्याचं अत्तर लावून वर हा मारला तर गोडवा कमी होईल का, की भलतीच खिचडी होईल? पैठणीवर मारायची हिंमत नाही, डाग पडला तर आई घरात घेणार नाही. मनगटं एकमेकांवर घासणं केव्हाच बंद केलंय, ते सोडून सांगा. खानदेशातल्या कुणी करून बघितलं असेल तर आधी तुम्ही बोला.