ऑलिम्पिक पदक नाही, म्हणून रत्चानोक इंतानोनची कारकीर्द ‘वाया’ कशी गेली?

तिसरा_गेम (धागाकर्ता)

थायलंडची बॅडमिंटनपटू रत्चानोक इंतानोन हिच्याविषयी दुसऱ्या एका धाग्यावर ‘शटलवेडा’ यांनी असे लिहिले आहे की, “रत्चानोक अठराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि तिथेच संपली, चार ऑलिम्पिक खेळून एकही पदक नाही, एवढी गुणवत्ता वाया घालवलेली दुसरी खेळाडू नसेल.” तिथे उत्तर द्यायला गेलो तर मजकूर फार वाढला, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे.

२००९, २०१० आणि २०११ अशी सलग तीन वर्षे कनिष्ठ गटाचे जगज्जेतेपद आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये ग्वांगझूत, म्हणजे चीनच्या अंगणात, ऑलिम्पिक विजेत्या ली शुएरुईला २२-२०, १८-२१, २१-१४ असे हरवून वरिष्ठ गटाचे जगज्जेतेपद, हा प्रवास ज्यांनी त्या काळी पाहिला, त्यांना ‘तिथेच संपली’ हे शब्द सुचूच कसे शकतात? तिच्या उपांत्य सामन्यातली प्रतिस्पर्धी आपली सिंधू होती आणि गुण होते २१-१०, २१-१३. पुढे २०१६ मध्ये भारत, मलेशिया आणि सिंगापूर अशा लागोपाठच्या तीन आठवड्यांतल्या तिन्ही सुपर सीरिज, म्हणजे त्या काळच्या वरच्या दर्जाच्या, स्पर्धा तिने जिंकल्या. अंतिम फेरीत अनुक्रमे ली शुएरुई, ताई त्झू यिंग आणि सुन यू होत्या. त्याच एप्रिलमध्ये ती जागतिक क्रमवारीत पहिली आली. ही ‘संपलेल्या’ खेळाडूची कामगिरी आहे काय?

राहिला ऑलिम्पिकचा प्रश्न. लंडनमध्ये ती वांग शिनकडून पहिला गेम जिंकूनही हरली; तीच वांग शिन कांस्यपदकाच्या लढतीत गुडघा दुखावल्यामुळे कोर्टाबाहेर गेली आणि पदक सायनाला मिळाले. पॅरिसमध्ये ती ग्रेगोरिया मरिस्का तुंजुंगकडून हरली; कॅरोलिना मारिन जखमी झाल्यामुळे ग्रेगोरियाला कांस्यपदकाची लढत खेळावीच लागली नाही. एका पदकाच्या दोन्ही बाजूंना दुखापत उभी असताना त्यावरून साऱ्या कारकिर्दीचा निकाल लावणे मला तरी पटत नाही.

आणि ही मुलगी आली कुठून, तर मिठाईच्या कारखान्यात राबणाऱ्या आई-बापांच्या पोटी. तिथल्या मालकीणबाईंनी तिच्या हाती रॅकेट दिली, हेही विसरू नये.

शटलवेडा

आपण माझे नाव घेऊन धागाच काढलात, हा मी माझा सन्मान समजतो. २०१६ चा एप्रिल मान्य. सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवा. परंतु तो आपल्या उपयोगाचा नाही, कारण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, थायलंडचा ध्वज हाती घेऊन रिओच्या संचलनात अग्रभागी चालल्यानंतर, ती उपउपांत्यपूर्व फेरीत अकाने यामागुचीकडून सरळ दोन गेममध्ये हरली.

दुखापतींची कहाणी आपण रंगवून सांगितली, पण स्वतःच्या सामन्यांविषयी मौन पाळले. लंडनमध्ये पहिला गेम जिंकला, सामना गमावला. टोकियोत ताई त्झू यिंगविरुद्ध पहिला गेम २१-१४ असा जिंकला आणि पुढचे दोन्ही १८-२१ असे गमावले. पॅरिसमध्ये पहिला गेम २३-२५ असा निसटला आणि दुसऱ्यात नऊच गुण. तीन ऑलिम्पिक, तीन उपांत्यपूर्व सामने आणि तिन्हींत सामना हाताशी येऊन सुटलेला. यात वांग शिनचा गुडघा कुठे आला? याला नशीब म्हणत नाहीत.

बालेवाडीकर

सायनाचे पदक ‘दुखापतीमुळे मिळालेले’ असे सुचवण्यापूर्वी धागाकर्त्यांनी थोडा विचार करायला हवा होता. उपांत्य फेरीपर्यंत ती स्वतःच्या पायांनी पोहोचली होती, कुणाच्या गुडघ्याने नव्हे. २००८ मध्ये पुण्यात कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा झाली तेव्हा मी प्रेक्षागृहात होतो. सायनाने ती जिंकली आणि त्यापुढची तीन वर्षे याच रत्चानोकने, त्यामुळे दोघींबद्दलही मला आदर आहे. पण एकीला मोठे करण्यासाठी दुसरीला खाली खेचण्याची खोड आपल्याकडची आहे, थायलंडची नव्हे. २०१५ च्या इंडिया ओपनच्या अंतिम सामन्यात सायनाने रत्चानोकला सरळ गेममध्ये हरवले होते, ते सोयीस्करपणे गाळलेले दिसते.

सुमेधा_ठाणे

पदकांचे तुम्ही पाहून घ्या. मला त्या शेवटच्या परिच्छेदाचा राग आला. ‘मालकीणबाईंनी हाती रॅकेट दिली’ हे वाक्य वाचले की डोळे पाणावतात आणि प्रश्न विचारायचे राहून जातात. त्या मालकीणबाई, कमला थोंगकोर्न, यांच्या कारखान्यात अंड्याच्या पिवळ्या बलकाचे थेंब उकळत्या पाकात सोडून ‘थोंग योद’ नावाची मिठाई होते. लहानगी त्या कढयांच्या आसपास खेळत असे, एखाद्या दिवशी पाक अंगावर सांडेल ही भीती होती, म्हणून तिला कोर्टावर पाठवण्यात आले. म्हणजे मुळात ती पाळणाघराची सोय होती! कामगाराच्या लेकराला सुरक्षित जागा मिळणे हा त्याचा हक्क आहे, मालकाचा उपकार नव्हे.

माझी मुलगी इथल्या एका अकादमीत जात होती. प्रशिक्षकांनी पहिल्याच वर्षी “शाळा ठेवायची की खेळ, ते ठरवा” असे ऐकवले. पिसांच्या शटलच्या नळ्या आम्ही विकत घ्यायच्या आणि त्या नव्या शटलवर पुढच्या रांगेतली तीन मुले खेळायची. माझ्या मुलीच्या वाट्याला पिसे तुटलेली, भोवऱ्यासारखी फिरणारी शटल यायची. त्या तिघांपैकी एखादे मूल उद्या चमकले, तर त्या अकादमीच्या भिंतीवर त्याचाच फोटो लागेल आणि तुमच्यासारखे लोक त्या प्रशिक्षकांना द्रष्टे म्हणतील.

अण्णा_सांगली

सुमेधाताई, तुमच्या मुलीवर अन्याय झाला असेल, पण त्याचा राग बँकॉकच्या बाईंवर कशासाठी? आमच्या भागात साखर कारखान्यांनी मानधनावर पैलवान सांभाळले, त्याआधी शाहू महाराजांनी तालमी उभ्या केल्या, तेव्हा कुठे कोल्हापूरची कुस्ती उभी राहिली. हक्क, समिती, अर्ज आणि शिक्का यांची वाट पाहत बसलो असतो तर लाल मातीत आज गवत उगवले असते. माझ्या धाकट्या भावाला कारखान्याचे मानधन होते म्हणून त्याला दूध-बदाम मिळाले. शासनाची शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे पत्र आले, तेव्हा त्याने कुस्ती सोडून दुकान टाकले होते.

आणि बानथोंगयोदच्या, म्हणजे त्या बाईंच्याच, बॅडमिंटन शाळेने एकाच मुलीवर नाव कमावलेले नाही. कुन्लावुत वितिदसार्न तिथलाच. तोही कनिष्ठ गटात तीनदा जगज्जेता, २०२३ मध्ये वरिष्ठ गटात जगज्जेता आणि पॅरिसमध्ये रौप्यपदक. एकदा घडले तर योगायोग म्हणा, दोनदा घडले तर त्याला पद्धत म्हणावे लागते.

सुमेधा_ठाणे

अण्णा, तुमच्या भावाला दूध-बदाम मिळाले याचा आनंद आहे, पण मानधन बंद झाल्यावर त्याला विचारायला कोणी आले का? दुकान टाकावे लागले, हे तुम्हीच लिहिले आहे. आश्रयदात्याची मर्जी ही पद्धत होऊ शकत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. शिवाय त्या शाळेत शे झीहुआ यांच्यासारखे चिनी प्रशिक्षक होते. नुसत्या मायेने बॅकहँड तयार होत नाही.

अण्णा_सांगली

त्या प्रशिक्षकांचा पगार कोण देत होते, ताई? माया देत होती का?

बालेवाडीकर

दोघांनीही वेगळा धागा काढावा, ही विनंती.

शटलवेडा

मला उलट हा वाद उपयोगी वाटतो, कारण माझ्या प्रश्नाचे उत्तर कदाचित याच्यातच आहे. सहाव्या-सातव्या वर्षापासून एकाच छताखाली, एकाच पद्धतीने वाढलेली मुलगी अठराव्या वर्षी जगज्जेती होते, तेव्हा तिच्या हातात सगळे फटके असतात. वरून एकाच हालचालीत स्मॅश दिसावा आणि शटल नेटलगत उतरावे, ही तिची करामत आजही पाहत राहावी अशी. परंतु सामना लांबला, मारिन किंवा यामागुचीसारखी धावून धावून दमवणारी समोर आली, की त्या करामतीवर विसंबता येत नाही. २०१९ मध्ये बासेलला उपांत्य सामन्यात नोझोमी ओकुहाराविरुद्ध पुन्हा तेच झाले. पहिला गेम जिंकला, उरलेले दोन हरली आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

तिसरा_गेम

आता आपण मुद्द्यावर आलात, तर मीही येतो. ताई त्झू यिंग दोनशेहून अधिक आठवडे अव्वल होती, पण जगज्जेतेपद तिला कधीच मिळाले नाही आणि ऑलिम्पिकचे सुवर्णही नाही. तिची गुणवत्ता ‘वाया गेली’ असे आपण कधी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. रत्चानोककडे जगज्जेतेपद आहे, तर आपण ऑलिम्पिक मागता. उद्या ऑलिम्पिक असते तर आपण ऑल इंग्लंड ही जुनी, मानाची स्पर्धा मागितली असती, कारण तिथेही ती २०१३ मध्ये टीने बाऊनकडून आणि २०१७ मध्ये ताईकडून अंतिम फेरीतच हरली आहे.

आणि तिच्याआधी थायलंडच्या एकेरीतल्या कुणीही जागतिक सुवर्ण जिंकलेले नव्हते. २०१८ मध्ये बँकॉकला उबर करंडकाच्या, म्हणजे महिला संघांच्या जागतिक स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत थायलंडने चीनला ३-२ असे हरवले, तो संघ तिच्याच मागे उभा राहिला होता. बालेवाडीकर, सायनाविषयीचे माझे वाक्य तुम्हाला खटकले असेल, पण ते मी मागे घेणार नाही; वांग शिन पहिला गेम जिंकून पुढे होती, ही नोंद आहे, निंदा नव्हे.

बालेवाडीकर

नोंद कुठे आणि कशी द्यायची, यातही हेतू दिसतो, महाशय.

शटलवेडा

ताईचे उदाहरण चांगले सापडले, त्याबद्दल अभिनंदन. ‘वाया गेली’ऐवजी ‘अपुरी राहिली’ असे वाचावे. याहून खाली मी उतरणार नाही. टोकियोतल्या त्या दोन १८-२१ चे कारण आपण अजूनही दिलेले नाही.

सुमेधा_ठाणे

आणि त्या कारखान्यातल्या ज्या मुलांना रॅकेट नीट धरता आली नाही, ती पुढे कुठे गेली, हेही कोणी सांगितलेले नाही. अण्णा, कुन्लावुतचे नाव पुन्हा घेऊ नका, कृपया.