मालक क्लबचा रंग बदलताहेत, स्टँडभर कार्डांचा टिफो कसा मांडायचा?

निळी_गॅलरी:
नमस्कार मंडळी. पुढच्या हंगामापासून नवे मालक क्लबचा निळा रंग काढून काळा आणताहेत. बोधचिन्हावरचं स्थापनेचं वर्षही जातंय. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात गोलमागच्या स्टँडमध्ये टिफो (प्रत्येक प्रेक्षकाने रंगीत कार्ड वर धरून स्टँडभर केलेलं एकच मोठं चित्र) करायचा आहे. ३६ रांगा, रांगेत ८० खुर्च्या, मध्ये तीन जिने, म्हणजे २० खुर्च्यांचे चार ब्लॉक. जुनं बोधचिन्ह आणि खाली घोषवाक्य बसेल का? कार्डं किती लागतील?

कोपरा_ध्वज:
बोधचिन्ह सोडा. एक खुर्ची म्हणजे एक ठिपका, आणि २,८८० ठिपक्यांत ढालीवरची नक्षी समोरून नुसता डाग दिसते. वर्ष लिहा: चार ब्लॉक, चार आकडे. जिने आपोआप आकड्यांमधल्या फटीत जातात.

आराखडा चौकोनी आलेख कागदावर काढू नका, आकडे बसके दिसतील. समोरच्या स्टँडमधून रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढा आणि खुर्चीची रुंदी व रांगेची उंची त्यावर मोजा. समजा प्रमाण ५:४ आलं, तर आकडा १४ खुर्च्या रुंद, २४ रांगा उंच धरा. उभी रेघ ४ खुर्च्यांची, आडवी ५ रांगांची. म्हणजे दोन्ही सारख्याच जाड दिसतात. गोलाई नको, सरळ कडांचे आकडे घ्या.

कार्ड ए३ आणि आडवंच धरायचं. खुर्ची ५० सेंमी असेल तर ए३ त्यातले ४२ भरतं. ए४ मध्ये दोन कार्डांत २० सेंमीची फट राहते आणि निळा फिकट पडतो. १० टक्के जादा धरून सुमारे ३,१७० कार्डं. चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या कार्डशीटचं एकूण वजन ८० किलोच्या आसपास भरेल, तेव्हा आत न्यायची परवानगी आणि गेट आधी ठरवा. कार्डाच्या दोन्ही बाजूंना एकच रंग हवा.

ढोल_पथक:
सगळ्यात जास्त घोळ डाव्या-उजव्याचा होतो. आराखडा मैदानातून पाहिलेला असतो आणि कार्डं ठेवणारा मैदानाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे आकडे आरशातल्यासारखे उलटे पडतात. आराखड्यावर डावं-उजवं लिहूच नका, खुर्चीवर छापलेले क्रमांक लिहा. प्रत्येक रांगेचा गठ्ठा घरीच लावा, वर चिठ्ठी: "रांग १४: १ ते ३ निळी, ४ ते ७ पांढरी…"

१२ जण, प्रत्येकी ३ रांगा. एका कार्डाला १० सेकंद धरले तर ४० मिनिटं. गेट उघडायच्या दीड तास आधी सुरू करा, कारण एक चुकलेली रांग समोर उभं राहून पाहिल्याशिवाय सापडत नाही. कार्ड मिटलेल्या खुर्चीच्या खाचेत खोचा. नुसतं ठेवलं तर वारा नेतो. पाऊस असेल तर कागद लगदा होतो, प्लॅस्टिकचे ताव घ्या.

कार्डावर छोटी चिठ्ठी: "संघ मैदानात आला, ढोल थांबला की वर. दोन्ही हातांनी, चेहऱ्यासमोर. ६० सेकंद." लोक छातीशी धरतात, मग वर चेहऱ्यांची रांग दिसते आणि रेघ तुटते. रिकाम्या खुर्चीच्या पाठीला कार्ड चिकटवा. सामन्यानंतर जिन्यांच्या तोंडाशी पिशव्या घेऊन माणसं उभी करा. कार्डांची विमानं मैदानात गेली तर दंड क्लबला बसतो.

जुना_स्कार्फ:
निळ्यावर पांढरं, तिसरा रंग नको. पाहुणा संघही निळाच असेल तर आधीचा सामना निवडा.

आणि हे व्यर्थ जातं असं समजू नका. वेल्समधल्या कार्डिफ सिटी या निळ्या क्लबला मालकांनी २०१२ मध्ये लाल केलं. जानेवारी २०१५ मध्ये निळा परत आला. अमेरिकेतल्या कोलंबस क्रू क्लबचं नाव मे २०२१ मध्ये बदलायचं ठरलं, ते आठवडाभरात मागे घ्यावं लागलं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या क्लबचा मात्र २००५ मध्ये जांभळा गेला तो गेलाच. तिथल्या समर्थकांनी जांभळ्या रंगात वेगळा क्लब काढला आणि थेट सातव्या स्तरापासून सुरुवात केली.

मालकांना टोमणा लिहायचा मोह टाळा. मजकूर आक्षेपार्ह ठरला तर आयत्या वेळी गेटवर कार्डं अडवतील. स्थापनेच्या वर्षाला हरकत घ्यायला कारणच मिळत नाही.

निळी_गॅलरी:
घोषवाक्य रद्द. फोटोत प्रमाण ५:४ च्या जवळच येतंय. वर्षातला १ अरुंद आहे, त्याचं काय?

कोपरा_ध्वज:
ब्लॉकच्या साधारण मधोमध एकच उभी रेघ, पण ५ खुर्च्यांची करा. वर-खाली ६ रांगा निळ्या ठेवायच्याच.