क्लास लिहिले की सॉफ्टवेअर भरवशाचं? काहीही!

जुनं_खोड:
ओओपी, म्हणजे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग: डेटा आणि त्यावरची कामं "क्लास" नावाच्या साच्यात एकत्र बांधायची पद्धत. त्यावर "सगळं क्लासमध्ये बसवा, बग आपोआप कमी होतात" असं काल एकाने लिहिलं आणि खाली टाळ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, राहवलं नाही.

जावा भाषेची स्वतःची लायब्ररी (तयार कोडचा साठा) उघडा. स्टॅक हा क्लास व्हेक्टर या यादीच्या क्लासमधून इनहेरिट केलाय, म्हणजे व्हेक्टरचं सगळं वारशाने आलंय. ज्यात फक्त वरून ठेवायचं आणि वरूनच काढायचं, त्यात मधोमध हवं ते घुसवता येतं! आणि हे नवशिक्याचं काम नाही, भाषा बनवणाऱ्यांचं आहे. एका जुन्या नोकरीत बिलिंगच्या कोडमध्ये असाच वंशवृक्ष होता. पणजोबांच्या क्लासमध्ये एक ओळ बदलली की पणतवंडांचे हिशेब चुकायचे, आणि चूक कुठे शिरली ते कळायला पाच-सहा फायली उघडाव्या लागायच्या. याला सोपं म्हणायचं?

सेमीकोलन:
स्टॅकचा घोळ मान्य. जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आता त्याऐवजी डेक (दोन्ही टोकांनी ठेवता-काढता येणारी रांग) वापरा म्हणून लिहिलंय. पण तेवढ्यावरून अख्ख्या ओओपीला फाशी? इनहेरिटन्सपेक्षा कॉम्पोझिशन (वारसा न घेता दुसरा ऑब्जेक्ट आत ठेवून वापरणं) बरं, हे १९९४ च्या डिझाइन पॅटर्न्सच्या पुस्तकात आहे. वाचायचं नाही आणि बोंब मारायची. ग्लोबल व्हेरिएबल (कोडमध्ये कुठूनही बदलता येणारी किंमत) नक्की कोणी बदललं हे शोधत रात्री काढल्यात मी. एन्कॅप्सुलेशनची, म्हणजे आतला डेटा बाहेरच्यांपासून झाकण्याची, किंमत मला विचारा.

जुनं_खोड:
त्याला क्लास कशाला लागतो? क्लास नसलेल्या सी भाषेत व्हेरिएबलपुढे स्टॅटिक लिहा, फाइलबाहेर दिसत नाही. लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सीवरच उभा आहे की.

सेमीकोलन:
लिनक्सचं नाव काढलंत, बरं झालं! त्यातलं फाइल ऑपरेशन्सचं स्ट्रक्ट (सीमधला डेटाचा गठ्ठा) बघा. फंक्शन पॉइंटर्स (फंक्शनचे पत्ते), आणि प्रत्येक ड्रायव्हर त्यात आपापली फंक्शन्स भरतो. हा ओओपीतला पॉलिमॉर्फिझम (हाक एकच, काम ज्याचं त्याचं वेगळं) नाही तर काय आहे?

नलग्रस्त:
भांडा तुम्ही. प्रॉडक्शन (लोक वापरतात ती सिस्टिम) पडतं ते नल पॉइंटर एक्सेप्शनने, म्हणजे जिथे ऑब्जेक्ट हवा तिथे नल, काहीच नाही, निघाल्याने. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअरने १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यू भाषेत नल आणला आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हणाला.

सेमीकोलन:
त्याचा ओओपीशी काय संबंध? क्लास नसलेल्या सीमध्येही नलमुळे सेगफॉल्ट (प्रोग्राम कोसळणं) येतोच की!

नलग्रस्त:
संबंध नाही कसा? जावात कुठलाही ऑब्जेक्ट रेफरन्स (ऑब्जेक्टकडे नेणारा दुवा) नल निघू शकतो आणि टाइप बघून ते कळत नाही. "किंमत असेल किंवा नसेल" हे टाइपमध्येच सांगणारा ऑप्शनल आला थेट २०१४ मध्ये, जावा ८ बरोबर. तर आमच्यातल्या एका महाभागाने ऑप्शनल देणाऱ्या मेथडमधून सरळ नल रिटर्न केला. कोड तपासून भाषांतर करणारा कंपायलर गप्प!

निवांत:
तो माणूस आता आमच्याकडे आलाय बहुतेक.

जुनं_खोड:
अहो विषय काय, चाललंय काय! नलचा वेगळा धागा काढा.

नलग्रस्त:
का म्हणून? भरवशाचं सॉफ्टवेअर हाच विषय आहे ना? रस्ट भाषेच्या सेफ रेफरन्समध्ये नल नसतो. झालं ना शक्य?

सेमीकोलन:
रस्टमध्ये इनहेरिटन्सही नाही, खोडसाहेब खूश असतील. पण प्रायव्हेट फील्ड आहेत, ट्रेट (कोणती कामं करता यायला हवीत याचा करार) आहेत, डायनॅमिक डिस्पॅच (कुणाचं फंक्शन चालवायचं ते प्रोग्राम चालताना ठरणं) आहे. म्हणजे तुमचा तो वंशवृक्ष सोडून बाकी संसार आमचाच उचललाय.

जुनं_खोड:
एन्कॅप्सुलेशन तुम्ही शोधलंत का? बरं, इंटरफेस (ट्रेटसारखाच कामांचा करार) ठेवा, इनहेरिटन्स फेका, मग माझी हरकत नाही. फक्त "बेस क्लास (ज्यातून बाकीचे वारसा घेतात तो) एकदा लिहा, कायम वापरा" अशी जाहिरात केली होती, ती आता मागे घ्या.

सेमीकोलन:
ती मी केली नव्हती. इंटरफेस मान्य केलेत, एवढंही पुष्कळ झालं.

नलग्रस्त:
आणि त्या इंटरफेसचा रेफरन्स नल निघाला तर?