पी-टाऊ २१७ च्या आधी क्रिएटिनिन बघा

आईचं विसरणं वाढलंय, थेट पी-टाऊ २१७ (अल्झायमरचा अंदाज देणाऱ्या प्रथिनाची रक्तचाचणी) करावी का, असं एकाने विचारलंय. आधी बी१२, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), सोडियम आणि क्रिएटिनिन (किडनीची चाचणी) करा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ नक्कीच, कारण तिने बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही विसरायला होतं. ती कमतरता भरून निघते.

क्रिएटिनिन मुद्दाम सांगतोय. किडनी मंदावली की पी-टाऊ २१७ आणि एनएफएल (मेंदूतल्या चेतापेशींना इजा झाली की वाढणारं प्रथिन) दोन्ही रक्तात वाढलेले दिसतात, अल्झायमर नसतानाही. उलट, वजन जास्त असेल तर हे आकडे खाली येऊ शकतात. एनएफएल तर वयानुसारही चढतं.

अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झालेली अल्झायमरची पहिली रक्तचाचणी पी-टाऊ २१७ ला अमायलॉइड ४२ ने (अल्झायमरशी जोडलेलं दुसरं प्रथिन) भागते, आणि तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांपुढच्यांसाठीच. इथेच घोळ होतो. मे महिन्यात बोरिवलीला घरी घेतलेली जांभळ्या झाकणाची रक्ताची ट्यूब बाइकवरून परळच्या लॅबला तशीच उकाड्यात गेली, तर अमायलॉइड घटतं, पी-टाऊ त्यामानाने टिकतो. छेद लहान झाला की गुणोत्तर उगाच वर जातं, आणि अल्झायमर नसतानाही असल्यासारखं दिसतं. म्हणून लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या आणि प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) किती वेळात वेगळा करता, हे आधी विचारा.