सहाबी : सहचर, सोबती की शिष्य?

अर्धविराम :
हदीसमधल्या, म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींमधल्या, एका छोट्या प्रसंगाचं मराठी करायचं आहे, शाळकरी वाचकांसाठी. अट एकच : तळटीप नाही, कंसात अर्थ नाही. प्रसंग बहुतेकांना ठाऊक असेल. मक्केहून मदिनेला आलेले अब्दुर्रहमान बिन औफ आणि मदिनेचे साद बिन रबी यांना प्रेषितांनी एकमेकांचे भाऊ केलं. साद म्हणाले, अन्सारांमध्ये मी सगळ्यांत मालदार, माझी निम्मी मालमत्ता तुमची. अब्दुर्रहमान म्हणाले, अल्लाह तुमच्या घरात आणि मालात बरकत देवो, मला फक्त बाजार कुठाय ते सांगा. बनू कैनुकाच्या बाजारात जाऊन त्यांनी अकित आणि तूप विकलं, चार पैसे जोडले. काही दिवसांनी आले ते कपड्यावर केशराचा पिवळा डाग घेऊन. लग्न झालं होतं. प्रेषितांनी विचारलं, महर, म्हणजे नवऱ्याने वधूला द्यायचं धन, किती? 'नवातभर सोनं'. प्रेषित म्हणाले, मग वलीमा, म्हणजे लग्नाचं जेवण, करा, एका बकरीचा का होईना.
माझा कच्चा खर्डा : सहाबी = सहचर, अन्सार = मदतनीस, मुहाजिर = निर्वासित, अकित = पनीर, नवात = खजुराची बी. सहाबी म्हणजे प्रेषितांना भेटलेले त्यांच्या काळातले मुसलमान; त्यांतले मक्केहून आलेले ते मुहाजिर, मदिनेचे ते अन्सार. पाचही शब्द खटकताहेत. त्यातही 'सहाबी'चं आधी ठरवू या, कारण तो प्रत्येक पानावर येणार.

दौत :
सहचर नको. पुल्लिंगात चालेल, स्त्रीलिंगात फसेल. सहाबिया म्हणजे स्त्री सहाबी. उम्मे सुलैम, उम्मे अमारा, अस्मा बिन्त अबू बक्र या सगळ्या सहाबिया. त्यांना 'प्रेषितांच्या सहचरी' लिहिलंत तर मराठी वाचक बायको समजेल. पुढे खरोखरच्या पत्नींचा उल्लेख आला की गोंधळ दुप्पट.

कोंदण :
'शिष्य' सरळ आहे की. गुरू-शिष्य आपल्याकडे सगळ्यांना कळतं.

दौत :
कळतं, पण चुकीचं कळतं. सहाबी ठरायला शिकलेलं असावं लागत नाही. हदीसचे अभ्यासक इब्न हजर यांनी 'इसाबा' या सहाबींच्या चरित्रकोशात केलेली व्याख्या आज सर्वमान्य आहे : प्रेषितांवर श्रद्धा ठेवून जो त्यांना भेटला आणि इस्लामवरच ज्याचा मृत्यू झाला तो सहाबी. तीनच अटी. महमूद बिन रबी पाच वर्षांचे होते, प्रेषितांनी विहिरीच्या पाण्याची चूळ गमतीने तोंडावर उडवली एवढीच आठवण त्यांनी सांगितली आहे. ते सहाबी. त्यांना शिष्य कसं म्हणणार?
आणि 'भेटला' हा शब्द जपून ठेवा. पुष्कळ ठिकाणी 'ज्याने प्रेषितांना पाहिले तो' असं लिहिलेलं असतं. अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम अंध होते, मदिनेत बांग देत. 'पाहिले' लिहिलं की ते यादीतून बाहेर पडतात.

रानजाई :
उलट बाजूनेही तीच अट लागू पडते. येमेनचे उवैस करनी प्रेषितांच्या हयातीत होते, श्रद्धाही होती, भेट झाली नाही. म्हणून ते सहाबी नाहीत, ताबिई आहेत. ताबिई म्हणजे सहाबीला भेटलेला. उद्या तुम्ही सहाबीला 'अनुयायी' म्हणालात तर ताबिईला काय म्हणणार? 'ताबिई'चा अर्थच मुळी मागून येणारा, अनुयायी. तो शब्द आत्ताच खर्च करू नका.

बोरू :
एवढं कशाला? आपला साधा, शुद्ध मराठी शब्द आहे, 'सोबती'. प्रेषितांचे सोबती. संस्कृतही नको आणि अरबीही नको.

दौत :
बोरूशेठ, सोबत अरबीच आहे हो. 'सुहबत', धातू स्वाद-हे-बे. सहाबी त्याच धातूचा. साहेब त्याच धातूचा. मुसाहेब त्याच धातूचा. तुम्ही सहाबीला मागच्या दाराने घरात घेतलंत.

बोरू :
कोशकार दिसेल त्याला अरबी म्हणतात. 'सह' आपल्याकडे आधीपासून होता. सहवत, सहवती, सोबती असं का नसेल?

दौत :
'सहवत' कुठल्या जुन्या मराठी ग्रंथात आलाय तो दाखवा, मग बोलू.

अर्धविराम :
धातू कुठलाही असो, 'सोबती' वाचायला गोड आहे. आणि कुराणात (९:४०) प्रेषित मक्केहून मदिनेला जाताना सौर गुहेत लपले त्या प्रसंगात, बरोबर असलेल्या अबू बक्र यांच्यासाठी 'साहिब' आलाय, तिथे तर 'सोबती'च हवा : 'ते आपल्या सोबत्याला म्हणाले, दुःख करू नका'. तीन रात्री गुहेत दोघंच.

रानजाई :
तिथे हवाच. पण सगळीकडे नाही. एकदाच भेटून आपल्या टोळीकडे परत गेलेले शेकडो जण व्याख्येने सहाबी ठरतात, ते 'सोबती' नव्हेत. ताबिई पिढीतले विद्वान सईद बिन मुसय्यब यांच्या नावावर जुनं कडक मत सांगतात : वर्ष-दोन वर्षं सहवास आणि एक-दोन मोहिमा, तरच सहाबी. ते मत धरलं तर 'सोबती' चपखल. हदीसवाल्यांनी ते धरलं नाही. 'इसाबा'त बारा हजारांवर नोंदी आहेत, त्यातले खरे 'सोबती' निवडायला बसलात तर निम्म्याहून जास्त गळतील.
माझं मत : 'सहाबी'च ठेवा. दोन वेळा वाचला की पोरांना कळतो.

उंबरठा :
ठेवा, पण व्याकरण सांभाळा. सहाबी एकवचन, सहाबा अनेकवचन. 'एक सहाबा म्हणाले' हे सर्रास छापलं जातं, ते चूक आहे. मराठीत ईकारान्त पुल्लिंगी नाम अनेकवचनात बदलत नाही : एक हत्ती, दोन हत्ती. तसं एक सहाबी, दोन सहाबी, सहाबींनी. 'सहाबा'ची गरजच नाही. अन्सारचंही तेच. अन्सार म्हणजे सगळे, एकटा अन्सारी.

कोंदण :
चूक म्हणे! अवलिया काय आहे? 'वली'चं अनेकवचन 'औलिया'. आपण म्हणतो 'तो एक अवलिया होता'. उमराव हे अमीरचं अनेकवचन, नवाब हे नायबचं. आपण तीनशे वर्षं अरबी अनेकवचनं एकवचनात वापरतोय. एक सहाबा चालेल, पळेल.

उंबरठा :
अवलिया मराठीत येऊन रुळला, अर्थही बदलून बसला : विक्षिप्त, मनस्वी माणूस. सहाबा अजून त्या अर्थाने मराठी झालेला नाही. रुळलेल्या शब्दाची सवलत न रुळलेल्याला कशी देणार?

कोंदण :
सवलत दिल्याशिवाय रुळणार कसा?

बोरू :
अनेकवचनांवरून आठवलं, 'मवाली'. अरबीत मौलाचं अनेकवचन. आणि मौला म्हणजे मालकही, मुक्त केलेला गुलामही. एकच शब्द दोन्ही टोकांना. अबू बक्र यांनी बिलाल यांना विकत घेऊन मुक्त केलं, बिलाल मौला झाले. आपल्याकडे त्याच शब्दाचा नाक्यावरचा मवाली झाला, आणि मौलाना, मौलवी मात्र मानाचे राहिले.

रानजाई :
उदाहरण म्हणून सालिम घ्या, नावच 'सालिम मौला अबी हुजैफा'. मदिनेजवळच्या कुबात सुरुवातीच्या मुहाजिरांना नमाज तेच पढवत, मागे पुढे खलिफा झालेले उमर उभे असत, कारण कुराण त्यांना जास्त पाठ. ज्या चौघांकडून कुराण शिका म्हणून प्रेषितांनी सांगितलं त्यांत हे एक. बाकीचे तीन : इब्न मसूद, मुआज, उबै. भाषांतरात 'अबू हुजैफांचा गुलाम सालिम' असं येतं ते चूक. मुक्त केलेला. 'आश्रित'ही नको, आश्रित म्हटलं की मराठीत तुकड्यांवर जगणारा वाटतो.

अर्धविराम :
मंडळी, अन्सार. 'मदतनीस' काढायचाय.

दौत :
काढाच. मदतनीस म्हटलं की अंगणवाडी दिसते. शब्दाची घडणही मजेची आहे : मदद अरबी, 'नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. चिटणीस ठीक, तो चिठ्ठ्या लिहितो. मदतनीस काय लिहितो? चिटणिसाच्या साच्यात शब्द ओतला आणि लेखणी हरवली.
'पाठीराखे' घ्या. अन्सार ज्यातून आला त्या नस्र या धातूत नुसती मदत नाही, संकटात बाजू घेऊन उभं राहणं आहे. अकबाच्या करारात मदिनेतल्या औस आणि खजरज या दोन टोळ्यांच्या लोकांनी प्रेषितांपुढे हेच कबूल केलं होतं : आपल्या बायकामुलांचं करतो तसं तुमचं रक्षण करू. हे पाठ राखणंच आहे.

उंबरठा :
पाठीराखे गुणवाचक म्हणून छान. पण अन्सार ही गटाची ओळख आहे. अबू अय्यूब अन्सारी, साद बिन रबी अन्सारी. 'अबू अय्यूब पाठीराखे' हे कोकणातलं आडनाव वाटेल. मालेगाव-भिवंडीत अन्सारी आडनावाची घरंच्या घरं आहेत, शब्द मराठी कानाला अनोळखी नाही. अन्सार तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच उलगडा : 'मदिनेचे पाठीराखे, ज्यांना अन्सार म्हणत'. कंस नाही, तळटीप नाही, तुमची अट पाळली गेली.

कोंदण :
मुहाजिरला निर्वासितही नको. निर्वासित म्हणजे हाकलून दिलेला. हिजरत, म्हणजे श्रद्धेसाठी घर सोडून जाणं, स्वतः केलेली असते.

रानजाई :
कुराणात (५९:८) मुहाजिरांबद्दल 'उख्रिजू' आहे, कर्मणी प्रयोग : घरांतून आणि मालमत्तेतून बाहेर काढले गेलेले. निर्वासित अगदीच चूक नाही. 'स्थलांतरित' मात्र खरोखर नको, तो ऐकला की ऊसतोड डोळ्यांपुढे येते. आणि 'मोहाजिर' असं ओकार देऊन लिहिलंत तर वर्तमानपत्र वाचणारा थेट कराचीला, फाळणीनंतर तिथे गेलेल्या मोहाजिरांकडे, पोचेल. मु लिहा.

अर्धविराम :
त्याच्या पुढच्याच आयतीत (५९:९) अन्सारांचा जो गुण सांगितलाय तोही मला प्रस्तावनेत हवा आहे. ईसार. स्वतःला नड असतानाही दुसऱ्याला आधी. 'त्याग' लिहिला होता.

दौत :
त्याग अपुरा. त्यागात सोडणं आहे, पुढे ते कुणाला मिळालं याच्याशी त्यागाला देणंघेणं नाही. संन्यासीही त्याग करतो. ईसारमध्ये समोर दुसरा माणूस लागतोच. औदार्यही अपुरं, ते भरल्या घरातून होतं. मराठीत याला नेमका शब्द नाही, वाक्प्रचार आहे : तोंडचा घास काढून देणं. अबू तल्हा यांच्या घरचा प्रसंग अक्षरशः तोच. घरात पोरांपुरतंच जेवण, पाहुणा आलेला. पोरांना निजवलं, बायकोने दिवा नीट करायच्या निमित्ताने विझवला, अंधारात दोघं जेवल्याचं सोंग करत राहिली, पाहुणा पोटभर जेवला.

बोरू :
तोंडचा घास मराठीत हिरावला जातो, कुणी देत नाही!

दौत :
'तोंडचा घास काढून दिला' ही घरोघरी ऐकायला मिळणारी बोली आहे. आणि हो, ईसार आणि आपला 'असर' एकाच धातूचे.

बोरू :
मग फारूक आणि फरकही. उमर यांना फारूक म्हणतात तो खऱ्याखोट्यात फरक करणारा म्हणून. फारकतही त्यातलाच.

उंबरठा :
फरक बरोबर. फारकत नाही. ती 'फारिग-खती', म्हणजे मोकळं केल्याचा लेख. जुन्या कागदांत फारखती येते. ख चा क झाला आणि ती फरकाची नातेवाईक दिसायला लागली. तसंच आता कुणी अबू बक्र यांच्या 'सिद्दीक'वरून जंजिऱ्याच्या सिद्दीकडे जाऊ नका. सिद्दीक म्हणजे सत्याला उतरलेला, सिद्दी 'सय्यिदी'वरून.

बोरू :
फारकतीत दोघांत फरक पडतोच ना? लोकांच्या तोंडी दोन्ही धातू एक झाले असतील. कागद काय बोलतो ते वेगळं.

रानजाई :
अकितकडे कुणी बघितलंच नाही, आणि खरी ढोबळ चूक तिथे आहे. पनीर हे उर्दू भाषांतरांतून आलंय. अकित म्हणजे ताक आटवून, पाणी गाळून, मीठ लावून, गोळे करून उन्हात खडखडीत वाळवलेलं. दगडासारखं होतं, महिनोन् महिने टिकतं, लागेल तेव्हा पाण्यात कुटून कालवायचं. ओलं पनीर मदिनेच्या उन्हात दुसऱ्या दिवशी नासेल, त्यावर कोण व्यापार करणार? ईदच्या फितऱ्याच्या, म्हणजे सणाआधी गरिबांना द्यायच्या दानाच्या, हदीसमध्येही एक साअ खजूर, जव, मनुका यांच्या रांगेत अकित येतो. सगळेच टिकाऊ जिन्नस. साअ हे मापट्यासारखं माप, 'मुद्द' नावाच्या चार छोट्या मापांचं, वजन नव्हे. ओलं पनीर मापून घातलं तर निम्मं पाणीच भराल.

अर्धविराम :
'वाळवलेला चक्का'?

रानजाई :
चालेल. चक्का दह्याचा आणि अकित बहुधा ताकाचा, पण 'वाळवलेला' आलं की टिकाऊपणा कळतो.

कोंदण :
नवातला खजुराची बी लिहिलंत तर पोरं विचारतील, एवढुसं सोनं? बी जेमतेम ग्रॅमभर.

उंबरठा :
ते बियांचं वजनच नाही, मापाचं नाव आहे. आपली गुंज कशी? सोनार 'चार गुंजा' म्हणतो तेव्हा झुडपाच्या बिया मोजत नसतो. नवात म्हणजे पाच दिरहम. दिरहम हे चांदीचं नाणं २.९७ ग्रॅमच्या आसपास, पाचाचे साधारण १५ ग्रॅम. म्हणजे सव्वा तोळा. 'सव्वा तोळा सोनं' लिहा, मराठी घराला लगेच कळेल.

रानजाई :
थांबा. पाच दिरहम वजनाचं की पाच दिरहम किमतीचं, यावर हदीसच्या भाष्यकारांत वाद आहे. किंमत धरली तर दिनार या सोन्याच्या नाण्याला १० ते १२ दिरहम, दिनार ४.२५ ग्रॅम, म्हणजे सोनं जेमतेम दोन ग्रॅम. बारा माशांचा तोळा, त्यातले दोन मासे. धर्मशास्त्राचे इमाम अहमद बिन हंबल यांच्या मते तर नवात तीन आणि एक तृतीयांश दिरहमची. सव्वा तोळा लिहून तुम्ही एका पक्षाचा निकाल देताय.

उंबरठा :
'दोन मासे' लिहूनही दिलाच जाईल. माणूस नुकता बाजारात उभा राहिलाय, पण व्यापारात त्याचा हात बसलेला. सव्वा तोळा अशक्य नाही.

दौत :
'एका बकरीचा का होईना' हेही तपासा. मूळ अरबी 'वलौ बिशात'. तुमच्या मराठीत बकरी म्हणजे किमान, गरिबाचं जेवण. काहींनी उलट घेतलंय : ऐपत आहे तर निदान एक बकरी तरी. सोन्याचं वजन ठरलं की याचाही अर्थ ठरतो. दोन मासेवाल्याला बकरी जड, सव्वा तोळेवाल्याला हलकी.

अर्धविराम :
म्हणजे 'का होईना' की 'निदान'?

बोरू :
शात म्हणजे आधी मेंढी की बकरी ते ठरवा.