मदत हवी आहे: न्यायाधीशांची झाडाझडती घेताना न्यायालयं रिकामी पडू नयेत म्हणून काय करावं?

अल्बानियाच्या न्यायसुधारणेचा अभ्यास असलेल्यांना विचारायचं आहे. २०१६ मध्ये तिथल्या संसदेने १४० विरुद्ध ० मतांनी घटनादुरुस्ती केली आणि सुमारे ८०० न्यायाधीश व सरकारी वकिलांची फेरतपासणी ठरली. निकष तीन: मालमत्ता, गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध, कामाची कुवत. बडतर्फ झालेले बहुतेक जण मालमत्तेतच अडकले, कारण पुराव्याचा भार त्यांच्यावर होता. फ्लॅट घेतला तर कर भरलेलं उत्पन्न दाखवा. पैसे भावाने दिले म्हणाल तर भावाच्याही कमाईचे कागद आणा. इतकं कडक असणं मला योग्यच वाटतं.

पण बडतर्फ्या आणि राजीनामे भराभर, नेमणुका मात्र मुंगीच्या पावलाने. २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयाची गणसंख्याच मोडली (निकाल द्यायला लागतात तितके न्यायाधीशच उरले नाहीत), सर्वोच्च न्यायालयात हजारो खटले तुंबले. ज्याचा जमिनीचा दावा तिथे अडकलाय, त्याला स्वच्छ न्यायाधीश मिळाला काय नि न मिळाला काय!

मोल्दोव्हाने २०२२ मध्ये आधी न्यायिक परिषदांच्या (न्यायाधीश व सरकारी वकिलांच्या नेमणुका पाहणाऱ्या मंडळांच्या) उमेदवारांचीच तपासणी केली. हा क्रम छोट्या देशात खरंच सोपा पडतो का? तपासणी टप्प्याटप्प्याने करायची तर सुरुवात वरच्या न्यायालयापासून की खालच्या? आणि हंगामी न्यायाधीश नेमले तर त्यांची तपासणी कोणी करायची? नेमके कायदे, कलमं माहीत असतील तर कृपया सांगा.